जमीन घेताना शासनालाही सात पायऱ्या

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितले जाते. म्हणीत तथ्य आहे. बांधाच्या भांडणापायी दोन्ही भावांची जमीन वकिलाच्या फीत गेली, अशी घरे कोणत्याही गावात दाखवता येतील. पण या म्हणीचा एक तोटाही झाला. कोर्टात काय ठरतं याकडे शेतकऱ्याने पाठच फिरवली. ते वकिलांचं काम, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून तो मोकळा झाला.

गेल्या काही वर्षांत कोर्टात जे ठरले, ते मात्र थेट आपल्या सातबाऱ्यावर येऊन पडणारे आहे. शासनाने जमीन कशी घ्यायची, किती मुदतीत घ्यायची, पैसे केव्हा द्यायचे आणि दिले नाहीत तर काय, यावर उच्च न्यायालयांत खटले चालले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर महत्त्वाचे निकाल दिले. त्यांतले काही जमीनमालकाच्या बाजूचे आहेत, तर एक मोठा निकाल शासनाच्या बाजूचा आहे. दोन्ही माहीत असायला हवेत. फक्त गोड तेवढे ऐकून घेतले, तर ऐन वेळी फसगत होते.

रस्ता, धरण, कालवा, रेल्वे, औद्योगिक वसाहत यांना जमीन लागते आणि ती कुणाची तरी जातेच. ज्या गावाला धरणाचं पाणी मिळालं ते गाव सुखी झालं, पण कुणाचं तरी शेत पाण्याखाली गेलं म्हणूनच ते मिळालं. तेव्हा शासनाने जमीन घेऊच नये, असे कुणी म्हणत नाही आणि न्यायालयानेही तसे म्हटलेले नाही. न्यायालय एवढेच सांगते, की घ्यायची तर रीतसर घ्या.

हक्काचे काय झाले

१९५० साली राज्यघटना आली, तेव्हा मालमत्तेचा हक्क हा मूलभूत हक्कांपैकी एक होता. जमीनदारी मोडताना, कुळांना जमीन देताना, कमाल धारणेचा कायदा करताना या हक्काच्या आधारे कोर्टकज्जे झाले. शेवटी १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला. त्याच्या जागी कलम ३०० अ आले. कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही, असा त्याचा आशय आहे.

तेव्हापासून बऱ्याच लोकांचा, काही अधिकाऱ्यांचाही, असा समज झाला की आता जमिनीवर माणसाचा हक्क असा उरलाच नाही. सरकारच्या मनात आलं की जमीन गेली. हा समज चुकीचा आहे. हक्क मूलभूत राहिला नाही, पण घटनेने दिलेला हक्क म्हणून तो कायम आहे. तो मोडला तर कलम २२६ खाली उच्च न्यायालयात रिट अर्ज करता येतो. पूर्वी कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. नागपूर आणि औरंगाबादची खंडपीठे आधीपासून आहेतच. म्हणजे कोर्टाची पायरी पूर्वीपेक्षा जवळ आली.

कोलकात्याचा खटला आणि सात हक्क

१६ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. नरसिंह आणि न्या. अरविंद कुमार यांनी एक निकाल दिला. खटला शेतजमिनीचा नव्हता. कोलकाता शहरातल्या एका जागेचा होता. महापालिकेला ती जागा बागेसाठी हवी होती. महापालिका कायद्याच्या एका कलमाकडे बोट दाखवून आपण जागा घेतली, असे तिचे म्हणणे होते. मालकाला नोटीस नाही, त्याचे म्हणणे ऐकलेले नाही. कलकत्ता उच्च न्यायालयाने मालकाच्या बाजूने निकाल दिला. महापालिका वर गेली आणि तिथेही हरली. शिवाय पाच लाख रुपये खर्चाचा भुर्दंड बसला.

शहरातल्या बागेचा निकाल शेतकऱ्याच्या कामाचा कसा? कारण न्यायालय त्या जागेपुरते बोलून थांबले नाही. कलम ३०० अ मध्ये कोणकोणते हक्क येतात, ते त्याने उलगडून सांगितले. मोबदल्याची तरतूद आहे एवढ्यावरून जमीन घेणे कायदेशीर ठरत नाही, आधीची पद्धत पाळली पाहिजे, असे बजावले. ते सात हक्क आपल्या भाषेत असे :

पहिला, नोटिशीचा. तुमची जमीन घ्यायचा विचार आहे, हे तुम्हाला आधी कळले पाहिजे. जेसीबी बांधावर आल्यावर नव्हे.

दुसरा, म्हणणे मांडण्याचा. हरकत घेता आली पाहिजे आणि ती खरोखर ऐकली गेली पाहिजे. अर्जावर शिक्का मारून फाइलला लावणे म्हणजे ऐकणे नव्हे.

तिसरा, कारणासहित निर्णयाचा. हरकत फेटाळली तर का फेटाळली, हे लेखी सांगितले पाहिजे.

चौथा, सार्वजनिक कामाचा. जमीन लोकांच्या उपयोगाच्या कामासाठीच घेतली पाहिजे आणि तसे दाखवता आले पाहिजे.

पाचवा, वाजवी मोबदल्याचा किंवा पुनर्वसनाचा.

सहावा, वेळेत काम उरकण्याचा. सातबाऱ्यावर शेरा मारून ठेवायचा आणि दहा-पंधरा वर्षे त्या माणसाला ना जमीन विकता येते, ना तारण ठेवून कर्ज काढता येते, असे टांगून ठेवता येणार नाही.

सातवा, शेवटाचा. निवाडा, पैसे, ताबा, नोंद हे सगळे पुरे होऊन प्रकरण मिटले पाहिजे. कागदावर जमीन शासनाची आणि शेतात नांगर मालकाचा, असा घोळ राहता कामा नये.

यातले बरेचसे २०१३ च्या भूसंपादन कायद्यात आहेच. १ जानेवारी २०१४ पासून तो लागू झाला आणि इंग्रजांच्या वेळचा १८९४ चा कायदा गेला. मग निकालाने नवीन काय दिले? भूसंपादन फक्त या एका कायद्याने होत नाही. राष्ट्रीय महामार्गाचा कायदा वेगळा, औद्योगिक वसाहतीचा वेगळा, नगररचनेचा वेगळा. कायदा कोणताही असो, त्यात या सात गोष्टी असल्या पाहिजेत, हे या निकालाने सांगितले. शासनाच्या हातातली ताकद काढून घेतलेली नाही. तिला पायऱ्या बांधून दिल्या. आजवर कोर्टाची पायरी शेतकऱ्यालाच चढावी लागत होती, आता जमीन घेताना शासनालाही सात चढाव्या लागतील.

त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाचाही एक निकाल लागला. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या कायद्यावरून निघालेले हे प्रकरण १९९२ पासून पडून होते. प्रत्येकाची खासगी मालमत्ता ही सरसकट समाजाची साधनसंपत्ती मानता येणार नाही, असे बहुमताने ठरले. मग १३ नोव्हेंबरला बुलडोझरचा निकाल आला. घर पाडण्याआधी पंधरा दिवसांची नोटीस द्या आणि नियम मोडला तर अधिकाऱ्याच्या खिशातून वसुली होईल, असे त्यात आहे. रस्त्यावरची, नदीपात्रातली अतिक्रमणे यातून वगळली आहेत. गायरानात घर बांधलेल्यांनी या निकालाच्या भरवशावर बसू नये, जाणकाराला विचारून घ्यावे.

पन्नास वर्षांनी मिळालेला न्याय

हिमाचल प्रदेशातल्या हमीरपूर जिल्ह्यात १९६७-६८ साली एका विधवा बाईची सुमारे तीन हेक्टर जमीन रस्त्यासाठी गेली. नोटीस नाही, निवाडा नाही, पैसे नाहीत. बाई निरक्षर. आपल्याला काही मागता येतं, हेच तिला माहीत नव्हतं. शेजारच्या लोकांना कोर्टामार्फत पैसे मिळाले, तेव्हा २०१० मध्ये तीही उच्च न्यायालयात गेली. तिथे तिला दिवाणी दावा लावा, असे सांगण्यात आले. शासनाने तर आणखी कमाल केली. इतकी वर्षे जमीन आमच्या कब्जात आहे, म्हणून कब्जेवहिवाटीने ती आमचीच झाली, असा बचाव केला. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो झिडकारला. कल्याणकारी राज्याने आपल्याच नागरिकाच्या जमिनीवर कब्जेवहिवाट सांगायची नसते, असे सुनावले आणि आठ आठवड्यांत मोबदला द्यायला लावला. बाई तेव्हा ऐंशीच्या घरात होती.

आपल्याकडेही असेच घडले आहे. नव्या मुंबईतल्या शिरवणे गावच्या काही शेतकऱ्यांची जमीन १९६४ च्या अधिसूचनेनंतर औद्योगिक कामासाठी गेली. इतरांना पैसे मिळाले, या कुटुंबाला नाहीत. उशीर झाला म्हणून उच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला होता. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उशिराचे कारण बाजूला ठेवून त्यांना मोबदला देण्याचा मार्ग काढून दिला.

कर्नाटकात बंगळूर-म्हैसूर मार्गासाठी २००३ मध्ये अधिसूचना निघाली, २००५ मध्ये ताबा गेला आणि निवाडा झाला २०१९ मध्ये, तोही २०११ चा भाव धरून. २ जानेवारी २०२५ च्या निकालाने हा भाव २०१९ चा धरायला सांगितले. पैशाची किंमत दरवर्षी घटते, दहा वर्षांपूर्वीच्या भावात आज तेवढीच जमीन येत नाही, हे शेतकऱ्याला पाठ असलेले गणित न्यायालयाने मान्य केले.

हे निकाल वाचून बरे वाटते. पण नीट पाहा. न्याय मिळाला तो वीस, पन्नास वर्षांनी. ज्या बापाची जमीन गेली तो पाहायला नसतो. आणि हे झाले ज्यांनी शेवटपर्यंत तग धरला त्यांचे. ज्यांना तो धरता आला नाही, त्यांची नावे कोणत्याच निकालात येत नाहीत. म्हणून या निकालांचा खरा उपयोग पुढे कधीतरी कोर्टात जाण्यासाठी नाही. पहिली नोटीस येते त्या दिवशी आपला हक्क काय आहे हे ओळखण्यासाठी आहे.

शासनाच्या बाजूचा निकाल

आता दुसरी बाजू. २०१३ चा कायदा आला, तेव्हा जुन्या प्रकरणांसाठी त्यात कलम २४ ठेवले होते. निवाडा होऊन पाच वर्षे वा जास्त झाली आणि ताबा घेतलेला नाही किंवा पैसे दिलेले नाहीत, तर ते भूसंपादन रद्द, असा त्याचा अर्थ लागत होता. पुणे महापालिकेने वनउद्यानासाठी घ्यायच्या सुमारे ४४ एकर जमिनीचा खटला याच कलमावर २४ जानेवारी २०१४ रोजी निकाली निघाला. पैसे सरकारी तिजोरीत ठेवले, म्हणजे मालकाला दिले असे होत नाही, असे म्हणून न्यायालयाने ते भूसंपादन रद्द ठरवले. देशभर शेतकऱ्यांनी त्याचा आधार घेतला.

६ मार्च २०२० रोजी इंदूर विकास प्राधिकरणाच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी हा अर्थ बदलला. 'किंवा' या शब्दाच्या जागी 'आणि' वाचायचे, असे ठरले. म्हणजे ताबाही नाही आणि पैसेही नाहीत, असे दोन्ही असेल तरच भूसंपादन रद्द होते. दोहोंपैकी एक झाले असेल तर नाही. शासनाने पैसे देऊ केले आणि मालकाने घेतले नाहीत, तर त्यालाही नंतर तक्रार करता येणार नाही.

या निकालातली एक बाब शेतकऱ्याने खास लक्षात ठेवावी. पंचनामा किंवा ताबा-पावती केली, की ताबा घेतला असे धरले जाते. नंतर तुम्ही त्यात ज्वारी पेरली, ऊस लावला, तरी कायद्याच्या नजरेत ती जमीन शासनाची. अजून आपणच कसतोय, तेव्हा जमीन आपलीच, असे पारावर ठामपणे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांचा भ्रम मोडायला हवा. कोणत्याही पंचनाम्यावर वाचल्याशिवाय सही वा अंगठा करू नये. पंच म्हणून सही करणाऱ्या गावकऱ्यानेही भाऊबंदकीचा राग तिथे काढू नये.

मोबदल्याचे गणित आणि आपली जुनी सवय

२०१३ च्या कायद्याप्रमाणे बाजारभाव काढताना रेडी रेकनरचा दर आणि आसपासच्या तशाच जमिनींच्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांचा दर पाहतात. खरेदीखतांपैकी जास्त किमतीची निम्मी घेऊन सरासरी काढायची आणि जास्त येईल तो भाव धरायचा. ग्रामीण भागात त्याला एक ते दोनच्या दरम्यान गुणक लागतो. झाडे, विहीर, घर यांची किंमत त्यात मिळवतात आणि जेवढी रक्कम होईल तेवढीच आणखी दिलासा रक्कम म्हणून मिळते.

आता हिशेब करून पाहा. एकराला खरा भाव दहा लाख आहे. गुणक दोन असेल तर वीस लाख आणि दिलासा धरून चाळीस लाख. पण गावात खरेदी करताना स्टॅम्प वाचवण्यासाठी दस्तात सहाच लाख लिहायची रीत पडली. बाकीचे चार लाख हातोहात. मग भूसंपादनात सहाचे बारा आणि बाराचे चोवीस. एकरी सोळा लाखांचा फटका. स्टॅम्पचे वाचवलेले पैसे किती आणि गेलेले किती? शिवाय ज्याने जमीन विकली वा घेतली नाही, त्या शेजाऱ्यालाही तोच कमी भाव मिळतो. पूर्ण किमतीचे खरेदीखत करणे हे आता अख्ख्या गावाच्या हिताचे झाले आहे.

राष्ट्रीय महामार्गाच्या जुन्या प्रकरणांत दिलासा रक्कम आणि त्यावरचे व्याज देत नसत. तसे कलमच १९९७ पासून त्या कायद्यात होते. १९ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. एका शेतकऱ्याची जमीन धरणासाठी गेली तर दिलासा आणि दुसऱ्याची महामार्गासाठी गेली तर नाही, हा भेद टिकणारा नाही, असा त्याचा मथितार्थ. मागच्या प्रकरणांचे काय करायचे, यावर नंतरही कोर्टात वाद चालत राहिला. ज्यांची जमीन १९९७ ते २०१४ या काळात महामार्गाला गेली, त्यांनी निवाड्याची प्रत घेऊन वकिलाला दाखवावी.

मोजणीच्या दिवशी घरी थांबा

विस्ताराच्या कामावर गावोगाव फिरताना जे दिसते ते सांगतो. शेतकऱ्याचे सर्वांत जास्त नुकसान कोर्टात होत नाही, संयुक्त मोजणीच्या दिवशी होते. मोजणी आहे हे ठाऊक असून माणूस लग्नाला जातो, बाजाराला जातो. मोजणीदार आणि कर्मचारी येतात, दिसेल ते लिहितात आणि जातात. जमिनीखालची पाइपलाइन दिसत नाही, ती लिहिली जात नाही. उन्हाळ्यात विहिरीला पाणी कमी असते. फळबाग लहान असली की झाडांची संख्या येते, पण वय आणि जात येत नाही. केशर आंब्याचे धरते झाड आणि बांधावरचे रायवळ रोप यांची किंमत एक कशी असेल?

झाडांच्या आणि उभ्या पिकाच्या मूल्यांकनासाठी कृषी व फळबागेच्या जाणकारांची मदत घेण्याची तरतूद कायद्याच्या कलम २९ मध्ये आहे. तिचा आग्रह धरा. जमिनीचे दोन तुकडे पडून पलीकडच्या तुकड्याची वाट वा पाणी तुटत असेल, तर त्या नुकसानीचाही विचार कलम २८ प्रमाणे मोबदल्यात व्हायला हवा. पण तुम्ही ते लिहून दिले तर.

शेतकरी बंधू-भगिनींनो, भूसंपादनाची कुणकुण लागो वा न लागो, पुढील गोष्टी आजच करून ठेवा.

सातबारा काढून पाहा. आजोबांचे नाव तसेच असेल तर वारसनोंद करा. तोंडी वाटणी झाली असेल तर ती कागदावर आणा. नोटीस सातबाऱ्यावरच्या नावाला येते. वाटणी नोंदलेली नसेल तर पैसे वादात अडकून प्राधिकरणाकडे जमा होतात आणि भावाभावांची भांडणे सुरू होतात. बहिणींचा कायदेशीर हिस्सा लपवून काही साधत नाही, ऐन वेळी तेच प्रकरण अडते.

पीकपाहणी वेळच्या वेळी नोंदवा. २०२१ पासून मोबाइलवर ई-पीक पाहणी आली आहे, ती शेतकऱ्याने स्वतः करायची असते. विहीर, बोअर, फळझाडे यांची नोंद हवी. बागायत जमीन कागदावर जिरायत राहिली, तर भावही जिरायतीचा मिळेल.

नोटीस आली की तारीख लिहून ठेवा आणि ती कोणत्या कायद्याखाली आहे ते पाहा. २०१३ च्या कायद्यात हरकतीला साठ दिवस आहेत, राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यात एकवीसच. एकवीस दिवस पेरणीच्या गडबडीत कसे जातात ते कळतही नाही. हरकत लेखी द्या, पोच घ्या, सुनावणी मागा. शक्य तर गावाने मिळून द्या, पण प्रत्येकाच्या गटाचा वेगळा अर्जही असू द्या.

निवाड्याचा मोबदला कमी वाटत असेल, तर पैसे घेताना हरकत राखून घेत असल्याचे लेखी नमूद करा. नाहीतर वाढीव मोबदला मागण्याचा हक्क जातो. निवाड्याच्या वेळी तुम्ही हजर असाल, तर त्या तारखेपासून सहा आठवड्यांत कलम ६४ खाली अर्ज करावा लागतो. थेट खरेदीचा प्रस्ताव आला तर घाई नको. आपण होऊन खरेदीखत करून दिले, की साधारणपणे वाढीव मोबदल्याची वाट बंद होते.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्नाची अट नाही, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो.

शासनानेही आपले काम करावे

सगळा बोजा शेतकऱ्यावर टाकून चालणार नाही. अधिसूचना निघाली की खास ग्रामसभा बोलावून ती समजावून सांगायची, असे कलम ११ सांगते. तिथल्या दैनिकांत, त्यांतल्या एका प्रादेशिक भाषेच्या दैनिकात छापायची. जमिनीच्या नोंदी दोन महिन्यांत अद्ययावत करायच्या, हेही त्याच कलमात आहे. प्रत्यक्षात नोटीस पंचायतीच्या फलकावर खिळा ठोकून लावली की काम झाले, असे मानण्याकडे कल असतो. वाऱ्याने कागद उडतो आणि मुदत मात्र चालू राहते.

तेव्हा चार गोष्टी व्हाव्यात. अधिसूचनेनंतर आठ दिवसांत ग्रामसभा व्हावी, गट क्रमांक वाचून दाखवावेत आणि हरकतीचा कोरा नमुना तिथेच वाटावा. गावात नोंदी दुरुस्त करण्याचे शिबिर लागावे. मोजणीचा उतारा त्याच दिवशी शेतकऱ्याच्या हातात पडावा, म्हणजे चूक असेल तर लगेच दाखवता येईल. आणि हरकत फेटाळली तर कारण दोन ओळींत का होईना, मराठीत लिहून द्यावे. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही.

यामुळे प्रकल्प रखडतील, अशी काही अधिकाऱ्यांची धास्ती असते. अनुभव उलटा आहे. ज्याला नोटीस मिळाली, ज्याचे ऐकून घेतले, ज्याच्या खात्यात पैसे वेळेत आले, तो सहसा कोर्टात जात नाही. प्रकल्प अडतो तो चोरून, घाईने आणि अर्धवट केलेल्या कामामुळे. कोलकात्याच्या महापालिकेने रीतसर नोटीस दिली असती, तर बागेचा रस्ता कदाचित केव्हाच मोकळा झाला असता.

न्यायालयाने सात हक्क सांगितले आहेत. ते दिल्लीच्या निकालपत्रातून तालुक्याच्या कचेरीपर्यंत आपोआप चालत येणार नाहीत. नोटीस वाचणारा, मोजणीला हजर राहणारा आणि पोच मागणारा शेतकरी गावात असेल, तरच त्यांना अर्थ आहे. या आठवड्यात तलाठ्याकडे वा सेतू केंद्रात जाऊन आपला सातबारा काढा आणि त्यावर कुणाचे नाव आहे, एवढे तरी पाहून घ्या.